संज्ञापन प्रक्रिया शिकवताना आकृतीच्या पुढे कसे जावे?

रावपुरेकर
नमस्कार. मी वडोदऱ्यातील एका वाणिज्य महाविद्यालयात प्रथम वर्षाला संज्ञापन (कम्युनिकेशन) हा विषय शिकवतो. वर्गात गुजराती मुले अधिक, आठ-दहा मराठी घरांतली, थोडी हिंदी भाषक. शिकवणे गुजरातीत आणि संज्ञा इंग्रजीत, अशी आमची नेहमीची तऱ्हा आहे. प्रेषक, संकेतन (विचार शब्दांत किंवा खुणांत घालणे), माध्यम, ग्राहक (संदेश घेणारा), प्रत्याभरण (त्याचा परत येणारा प्रतिसाद), व्यत्यय (संदेश बिघडवणारा अडथळा) यांची चौकटी-बाणांची आकृती मुले फार नीट काढतात. एका मुलीने तर प्रत्याभरणाचा परतीचा बाण पट्टी धरून लाल शाईने काढला होता. परंतु चाचणीत ‘व्यत्ययाचे एक उदाहरण स्वतःच्या अनुभवातून द्या’ असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी ‘रस्त्यावरील वाहनांचा आवाज’ एवढेच लिहिले. त्या मुलीला मी विचारले, की या लाल बाणावरून नेमके काय जाते, तर ती गप्प झाली. दोष तिचा नाही. मी जे फळ्यावर काढले तेच तिने मला परत दिले. ही प्रक्रिया मुलांच्या अनुभवाला भिडेल अशी कशी शिकवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

दांडियाबाजार
सर, मी शाळेत अनेक वर्षे शिकवून निवृत्त झाले आहे. माझ्या मते पहिल्या तासाला आकृती फळ्यावर काढूच नये. आधी एखादा फसलेला संवाद वर्गासमोर ठेवावा आणि तो नेमका कुठे फसला हे मुलांनाच शोधू द्यावे.

आपल्या शहरात अशी उदाहरणे घरोघरी आहेत. माझी मामी लग्न होऊन साताऱ्याहून इथल्या वाडी भागात आली, तेव्हा तिला गुजराती जेमतेम येत होते. एका सकाळी तिने शेजारच्या बेनना सांगितले, की भावाचा अपघात झाला. गुजरातीत अपघाताला अकस्मात म्हणतात आणि आपघात म्हणजे आत्महत्या, त्यामुळे बेन मटकन ओट्यावर बसल्या आणि रडू लागल्या. भावाचा फक्त पाय मोडला होता, म्हणून त्या इतक्या का रडतात हे मामीला कळेना. पण त्यांचे रडणे पाहून तीही घाबरली आणि हाताने पाय दाखवून पुन्हा सांगू लागली. तिथे आवाज स्वच्छ पोहोचला होता, माध्यमात काहीही बिघाड नव्हता, आणि तरीही संदेश पार बदलला. बेनचे रडणे हे प्रत्याभरण आणि मामीचे पाय दाखवणे ही त्यावरून केलेली दुरुस्ती. तुमच्या लाल बाणावरून जाते ते हेच. ‘नवरा’ हा शब्दही वर्गात घेऊन पाहा. गुजराती मुलाच्या लेखी नवरो म्हणजे रिकामा बसलेला माणूस. मुले हसतील, पण अर्थ शब्दात भरून पाठवता येत नाही, तो ऐकणाऱ्याला स्वतःच्या अनुभवातून उभा करावा लागतो, हे त्या हसण्यातच त्यांच्या ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. तास संपताना आपण ‘समजलं का?’ असे विचारतो आणि वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ते प्रत्याभरण नसते, ती केवळ रीत असते. मी पुढे पुढे तो प्रश्न विचारणेच सोडले आणि ‘मी काय सांगितले ते शेजारच्याला तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणू लागले. त्यातून माझेच सांगणे कुठे अपुरे पडले होते, ते मला दर वेळी कळत असे.

तारायंत्र
ताईंचे म्हणणे पटते, परंतु आकृती बाजूला टाकण्याऐवजी ती कुठून आली हे मुलांना सांगावे, असे मला वाटते, कारण मी दूरसंचार क्षेत्रातला माणूस असल्याने तिचा मूळ हेतू मला ठाऊक आहे. अमेरिकन अभियंते क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये बेल या दूरध्वनी कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात तो सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न तारेचा होता: एका टोकाला दिलेला संदेश दुसऱ्या टोकाला अचूक कसा उमटवावा. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही, असे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले होते. त्यांच्या मूळ आकृतीत माहितीचा स्रोत, प्रक्षेपक, वाहिनी, ग्राहक यंत्र, गंतव्य आणि व्यत्ययाचा स्रोत एवढेच आहे. वर्गात आपण जो परतीचा बाण काढतो तो तिथे नाही. प्रत्याभरणाचा विचार गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्या त्याच वर्षीच्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथामुळे सर्वत्र पसरला, आणि प्रेषक व ग्राहक यांच्या अनुभवांची वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात तिथेच अर्थ जुळतो, हे संज्ञापनाचे अभ्यासक विल्बर श्रॅम यांनी 1954 मध्ये मांडले. पाठ्यपुस्तकाने हे सगळे एका चौकटीत कोंबले आहे. त्यामुळे मुलांनी ‘वाहनांचा आवाज’ लिहिले यात नवल नाही, कारण मूळ आकृतीतला व्यत्यय तसाच, वाहिनीवरचा आहे. मामींचा व्यत्यय दुसऱ्या पातळीवरचा, अर्थाचा होता. आकृती एकेक चौकट वाढवत, प्रत्येक वेळी ‘आधीच्या आकृतीला काय सांगता येत नव्हते?’ असे विचारत काढली, तर तिच्यामागचे कारणही मुलांच्या लक्षात राहील.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोगही सुचवतो. लेव्हिट आणि म्यूलर यांनी तो 1951 मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांना चिकटलेल्या सहा आयतांची आकृती एका विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. त्याने वर्गाकडे पाठ करून केवळ शब्दांनी वर्णन करावे, इतरांनी काहीही न विचारता ती काढावी. मग दुसरी आकृती घेऊन त्याला वर्गाकडे तोंड करू द्यावे आणि हवे तेवढे प्रश्न विचारू द्यावेत. दुसऱ्या खेपेस वेळ अधिक लागतो, पण आकृत्या अधिक बरोबर येतात. विचारण्यास मनाई असताना ऐकणाऱ्यांचा आत्मविश्वास घटतो आणि ते सांगणाऱ्यावर चिडतात, हेही त्या अभ्यासात नोंदलेले आहे.

चरोतर
प्रत्याभरणाचे एक जवळचे उदाहरण जोडतो. 1975 मध्ये आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून इस्रोने ग्रामीण दूरचित्रवाणीचा प्रकल्प सुरू केला. कार्यक्रम करणारे आधी गावांत जाऊन लोकांशी बोलत, आणि दाखवल्यानंतर लोकांना काय वाटले हे पुन्हा जाऊन विचारत. 1984 मध्ये त्याला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. वाणिज्याच्या मुलांना जाहिरात शिकवताना हे फार उपयोगी पडते.

रावपुरेकर
सर्वांचा ऋणी आहे. पुढच्या आठवड्यात सलग दोन तास मिळतात. पहिल्या तासाला अपघाताची गोष्ट आणि आयतांचा प्रयोग घेईन, आकृती दुसऱ्या तासाला एकेक चौकट वाढवत काढेन, आणि परतीचा बाण त्या मुलीलाच फळ्यावर काढायला सांगेन. ‘समजलं का?’ हा प्रश्न मीही रोज विचारतो, तो आता बंद.

तारायंत्र
एक सूचना राहिली. प्रयोगातली आयतांची आकृती जाड पुठ्ठ्यावर चिकटवून द्या. पातळ झेरॉक्स उजेडात धरली, की पहिल्या बाकांवरच्या मुलांना ती समोरून आरपार दिसते.