मदत हवी आहे: परदेशी निधीसाठी प्रायर परमिशन घ्यावी की एफसीआरए नोंदणीच करावी?

नमस्कार मंडळी,

धडगाव भागातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी बघतो. धर्मादायची नोंदणी, १२ए, ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) सगळं आहे, एफसीआरए (परदेशी निधी घेण्यासाठी लागणारी केंद्राच्या कायद्याखालची नोंदणी) नाही. काम कुपोषणाचं. कार्यकर्त्या पाड्यांवर जाऊन मुलांची वजनं घेतात, दंडाचा घेर मोजतात, वेळ पडली तर मायलेकरांना दवाखान्यात पोचवतात.

एका युरोपीय फंडरने विचारणा केली आहे. तिकडे सध्या 'स्थानिक संस्थांना थेट पैसा' याचा गजर चाललाय. २०१६च्या ग्रँड बार्गेनमध्ये (मोठे देणगीदार आणि मदतसंस्था यांच्यातला करार) मानवतावादी मदतीतला किमान २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिकांपर्यंत पोचवायचं ठरलं, त्याचा दाखला त्यांच्या मेलमध्येही आहे. ऐकायला झकास! पण हेच लोक पुढे म्हणतात, मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून सब-ग्रँट (तिला मिळालेल्या निधीतला वाटा) घ्या, कागदपत्रं कमी लागतील. एफसीआरए कायद्यातल्या सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसरीला देताच येत नाही, दुसरीकडे एफसीआरए असलं तरीही. हे त्यांना पटता पटेना.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च हवा. आमचे जेमतेम भरतात, त्यातलं मूळ काम कुठलं यावर सीएसाहेब आणि मी भांडतोय. मग प्रायर परमिशन (ठरावीक देणगीपुरती आधी घ्यायची परवानगी) बरी का?

दुसरं, परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली. आमचा बहुतेक खर्च पगार आणि प्रवास हाच. वजनकाटा घेऊन डोंगर चढणारी बाई 'प्रशासन' कशी?

आणि जाता जाता: दुबईतला एक हितचिंतक आणि न्यू जर्सीतली एक ताई देणगी देऊ म्हणतात. चालेल?

हिशेबनीस:
दुबईवाल्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत आले, तर तो परदेशी निधी नाही. ताईंनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर आहे. ओसीआय कार्डाने (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) फरक पडत नाही.

पगाराचं म्हणाल तर कार्यकारिणीचं मानधन, व्यवस्थापनाची माणसं, हिशेब, ऑफिसचं भाडं हे प्रशासनात. उद्दिष्टासाठी थेट झालेला खर्च त्यातून वगळलाय. नियमात दवाखान्यातल्या डॉक्टरांचं आणि शाळेतल्या शिक्षकांचं उदाहरण आहे. तुमच्या कार्यकर्त्या त्याच न्यायाने बसाव्यात, पण नेमणूकपत्रात काम स्पष्ट लिहा. 'प्रोजेक्ट असिस्टंट' असलं काही नको.

माळरान:
एकच फंडर असेल तर प्रायर परमिशन (अर्ज एफसी-३बी). तीन वर्षांची अट नाही, पण रक्कम आणि काम नमूद केलेलं फंडरचं वचनपत्र लागतं, आणि पैसा त्याच कामाला. दोन्हीकडे पहिला पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्ग शाखेतल्या खात्यातच येतो. जवळच्या शाखेतून ते उघडता येतं, दिल्लीला जायची गरज नाही.

मोठी संस्था 'कन्सल्टन्सीचं बिल द्या' म्हणेल. सब-ग्रँटला बिलाचा सदरा घालायचा तो प्रकार, अजिबात करू नका.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. प्रायर परमिशनच करतो. फंडरचं वचनपत्र दोन वर्षांचं आहे आणि रक्कम युरोत. अर्जात रुपयांचा आकडा कुठल्या दराने धरायचा? नुकताच कोणी अर्ज केला असेल तर सांगा.