कस्तूर आणि कस्तुरी मृग: नाव जुळतं, नातं नाही

'शीळकरी कस्तूर पक्ष्याला कस्तुरीचा वास येतो का?' याचं उत्तर सरळ 'नाही' असंच आहे. कस्तुरी फक्त प्रौढ नर कस्तुरी मृगात, बेंबी आणि जननेंद्रियाच्या मधल्या ग्रंथीत तयार होते. मादीत ती नसतेच.

कस्तुरी मृगाला 'छोटं हरीण' म्हटलं जातं, तिथेही थोडी दुरुस्ती हवी. त्याचं कुळ खऱ्या हरणांपेक्षा वेगळं आहे. नराला शिंगं नसतात, त्याऐवजी वरच्या जबड्यातून खाली आलेले लांब सुळे असतात. त्याला पित्ताशय असतं, खऱ्या हरणांना नसतं. वजन साधारण १० ते १५ किलो, मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे पाठ मागे उचललेली दिसते. एकाच जागी पुन्हापुन्हा टाकलेल्या लेंड्यांचे ढीग ही त्याची पक्की खूण. महाराष्ट्रात तो नाही, हिमालयातल्या उंच जंगलात आहे.

शीळकरी कस्तूर मात्र सह्याद्रीतला, ओढ्याकाठचा. सुमारे २५ सेंटिमीटर, काळपट निळा, कपाळ आणि खांद्यावर चमकदार निळा पट्टा. पहाटे अंधारातच माणसासारखी लांब, रेंगाळणारी शीळ घालतो, पावसाळ्यात जास्त. खातो किडे, खेकडे, गोगलगायी. हिमालयात त्याचा भाऊबंद भेटतो, त्याची चोच पिवळी असते, आपल्याकडच्याची काळी. फोटोवरून ओळखताना आधी चोच बघा, सावलीत निळा रंग हमखास काळा दिसतो आणि तिथेच घोटाळा होतो.