मदत हवी आहे: मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा मराठी गट व्हॉट्सॲपबाहेर कसा न्यावा?

नमस्कार मंडळी,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा अधिकृत पाठिंबा संपला. तेव्हापासून दादर-परळकडचे आम्ही काही जण ओळखीपाळखीतल्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही मुक्त (कोड कुणालाही पाहता-बदलता येणारी) ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतोय. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही, बाकी ठणठणीत, अशी मशीनं घरोघरी धूळ खात पडली होती. टाकून दिलं की शंका येणारच, म्हणून व्हॉट्सॲपवर गट काढला. आता तो चांगलाच फुगलाय. बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, गिरगावात डीटीपी करणाऱ्या ताई आहेत, पालिका शाळेतले शिक्षक आहेत, इंजिनीअरिंगची पोरं आहेत.

आता दुखणं सांगतो. डीटीपीवाल्या ताईंनी विचारलं की इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्हास’मधला ऱ्ह कसा काढायचा. एका पोरानं मिनिटात सांगितलं: शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. त्यावर अंगठे आले, नमस्कार आले, कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला, सकाळी सुविचार आला, आणि उत्तर गेलं वाहून. आठवडा उलटायच्या आत शिक्षकांचा तोच प्रश्न! श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायलींचंही तेच. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजमध्ये उघडल्या की भलतीच अक्षरं दिसतात, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. हे गटात किती वेळा सांगून झालंय याची गणतीच नाही.

त्याहून वाईट म्हणजे, गटात आलेल्या काही मुली गुपचूप निघून गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, सगळ्यांना नंबर दिसतो आणि रात्री अनोळखी ‘हाय’ येतात. यावर गटात एकानं ‘ब्लॉक करायचं की’ असं लिहिलं. त्यांना काय उत्तर द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.

शिवाय आमच्यात एक कडवे सदस्य आहेत, त्यांना बंदिस्त ॲपवर मुक्त सॉफ्टवेअरच्या गप्पा मारणंच मान्य नाही. टेलिग्रामही नको म्हणतात. ॲपचा कोड खुला असला तरी सर्व्हरचा नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबरच आहे. पण त्यांचं ऐकून उद्या बाडबिस्तरा हलवला तर काका मागे राहतील, आणि गट काकांसारख्यांसाठीच तर काढलाय.

जाणकारांनी सांगावं: मॅट्रिक्स (गप्पांचं मुक्त जाळं) घ्यावं, डिस्कोर्स (प्रश्नोत्तरं साठवणारं मुक्त चर्चापीठ) घ्यावं की आणखी काही? माणसं कशी न्यावीत? खर्च महिन्याला पाच-सातशेपर्यंत वर्गणीतून निघेल.

— परळचा पेंग्विन

टर्मिनलवाला: मॅट्रिक्स. फोन नंबर द्यावा लागत नाही, टोपणनाव चालतं, सर्व्हर आपला ठेवता येतो आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा माणूसही आपल्या खोलीत येऊ शकतो. एलिमेंट हे ॲप अँड्रॉइडवर नीट चालतं. व्हॉट्सॲपला जोडणारा पूलही बांधता येतो, पण तो अधिकृत नाही, खातं बंद होण्याची जोखीम राहते.

जुनी मेलिंग लिस्ट: टर्मिनलवाले, मुलींचा प्रश्न सुटला, ऱ्ह तिथंच राहिला. मॅट्रिक्सही शेवटी गप्पांचंच. मासिकांसोबत लिनक्सच्या सीड्या यायच्या त्या काळापासून मी यात आहे. मेलमनवर चालणाऱ्या ईमेलच्या याद्या (मेलिंग लिस्ट) दिसायला रुक्ष, पण प्रत्येक उत्तराला कायमचा पत्ता असायचा. मोडेम चालेना म्हणून शोधायला जावं तर कुणीतरी तीन वर्षांपूर्वी तेच रडलेलं असायचं आणि खाली इलाज असायचा. तुमच्या ताईंना हे हवंय. माझं मत डिस्कोर्सला.

दुसरं, फ्रीनोड हे गप्पांचं जुनं जाळं आठवतं का? मे २०२१मध्ये मालकीवरून भांडण झालं, चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं आणि मोठमोठे प्रकल्प काही दिवसांत तिकडे गेले. वर्षानुवर्षांची जागा गेली, माणसं टिकली, कारण ती एकमेकांना धरून होती. तेव्हा डोमेन एकाच्या नावावर असलं तरी किल्ल्या तिघांकडे ठेवा. नूतनीकरणाची मेल ज्याला येते तोच माणूस नेमका परदेशी जातो.

रात्रपाळी: डिस्कोर्स मी चालवते, म्हणून बोलते. १ जीबी रॅमवर स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) देऊन उभं राहतं, पण २ घ्या. डॉकर या साधनानं बसवणं सोपं आहे, घाम फुटतो तो मेलपाशी. नोंदणीची मेल स्पॅममध्ये गेली की काका म्हणणार ‘काही आलं नाही’ आणि परत व्हॉट्सॲपवर. मेल सर्व्हर स्वतः चालवायच्या फंदात पडू नका, बाहेरची सेवा घ्या, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपलीच आहे हे पटवणाऱ्या) नोंदी पहिल्याच दिवशी घाला.

मुलींबद्दल. नंबर लपवणं ही अर्धीच गोष्ट आहे. ‘ब्लॉक करायचं की’ लिहिणाऱ्याला गटात सगळ्यांसमोर कोण बोललं? कुणीच नाही, हे इथूनही दिसतंय. नियम चार ओळींचे असू देत, पण ते राबवणाऱ्यांत निदान एक बाई हवी आणि तक्रार खासगीत करता यायला हवी. नाहीतर मॅट्रिक्स काय, डिस्कोर्स काय, ‘हाय’ तिथेही येतील.

परळचा पेंग्विन: ताई, पटलं. त्या गृहस्थांशी मी आजच बोलतो, आणि गटातही लिहितो. पण काकांचं काय?

रात्रपाळी: काकांना हलवूच नका! व्हॉट्सॲप दार म्हणून राहू दे. प्रश्न तिथे येऊ दे, उत्तर मात्र डिस्कोर्सवर लिहायचं आणि गटात फक्त दुवा टाकायचा. पोरांमध्ये आठवड्याची पाळी लावा. आमच्याकडे सुरुवातीला कुरकुर झाली, मग लोकच म्हणायला लागले, ‘दुवा आहे का?’ ऱ्हचं उत्तर चित्रासकट एकदा लिहा, शीर्षक लोक विचारतात तसंच ठेवा: ‘ऱ्ह कसा टाइप करायचा’. गूगलवरून येणारा हेच टाकतो, ‘इनस्क्रिप्ट कळफलक मांडणी’ नाही.

टर्मिनलवाला: हे मान्य. एक भर: मजकुराचा परवाना पहिल्या दिवशीच ठरवा. क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए (नाव देऊन, त्याच अटींवर कुणालाही वापरू देणारा) ठेवला तर पुढेमागे जागा बदलताना हजार लोकांची परवानगी मागत फिरावं लागत नाही. आणि सगळं स्वतः लिहीत बसू नका. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस, लिनक्सवरचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. काकांना लेख वाचायला लावण्यापेक्षा तो व्हिडिओ द्या.

जुनी मेलिंग लिस्ट: आणि भेटा हो! सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सॉफ्टवेअर फ्रीडम डे असतो, तो धरून दादरला एखादा हॉल मिळतो का बघा. स्क्रीनवर तावातावानं भांडणारे समोरासमोर बसून लिनक्सचे पेनड्राइव्ह बनवतात. कडव्यांना लॅपटॉप दुरुस्तीला बसवा, वाद घालायला वेळच उरणार नाही.

परळचा पेंग्विन: कडव्यांना हा धागा दाखवला. डिस्कोर्सचा कोड जीपीएल २ या मुक्त परवान्याखाली आहे हे स्वतः तपासून आले, आणि आता सर्व्हर सांभाळायला तेच तयार झालेत. व्हॉट्सॲपच्या दाराबद्दल कपाळाला आठ्या आहेत, पण नाही म्हणाले नाहीत. डीटीपीवाल्या ताईंना नियम राबवण्याबद्दल विचारलं, त्यांनी होकार दिलाय, अट एकच: सुविचार टाकणाऱ्यांनाही समज देण्याचा अधिकार हवा.

एक राहिलं. बॅकअप त्याच सर्व्हरवर पडत असेल तर उपयोग शून्य ना? रोजचा बॅकअप घरच्या जुन्या लॅपटॉपवर ओढून घ्यायचा विचार आहे. कुणी असं करतं का?

रात्रपाळी: करते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनात) आरसिंक, ते फायली ओढून आणतं. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, कडव्यांनाच सांगा.