अनुभव धागा : हाताखाली पहिल्यांदा माणसं आली तेव्हा

इंद्रायणीकाठ

परवा भाचीचा फोन आला. बाणेरला आयटीत आहे, नुकतीच टीम लीड झाली. "मावशी, कालपर्यंत ज्यांच्यासोबत टपरीवर चहा प्यायले त्यांना आज काम कसं सांगू?" आवाज रडवेला. बराच वेळ बोललो. फोन ठेवला आणि आमच्या लाइनचे सुपरवायझर आठवले. सगळा प्लांट त्यांना दादा म्हणायचा.

भोसरीत वायरिंग हार्नेसची लाइन होती आमची. गाडीच्या डॅशबोर्डमागे वायरींचा जो जुडगा असतो ना, तो. लाइनवर बहुतेक मुलीच. दादा आयटीआय झालेले. भोंगा व्हायच्या आधी येऊन लाइनवरून एक फेरी मारायचे, ती मशीन बघायला नव्हे. कुणाचे डोळे सुजलेत, कोण रात्रभर बाळाला घेऊन बसली होती, कोण नवीन म्हणून घाबरलीय, हे त्या फेरीत कळायचं. मग त्या दिवशी कुणाला कुठल्या स्टेशनवर बसवायचं ते ठरायचं.

भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता. प्रत्येकीच्या नावापुढे वर्तुळं, एका वर्तुळाचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे शिकतेय, दोन म्हणजे कुणी बाजूला असेल तर करते, तीन म्हणजे एकटी करते, चार म्हणजे दुसरीला शिकवते. ऑडिटला दाखवायला बऱ्याच ठिकाणी असतो हा तक्ता. दादा तो रोज वापरायचे. चौथा भाग भरला की लाइन थांबवून सगळ्यांसमोर त्या मुलीच्याच हातात मार्कर द्यायचे.

दादा रिटायर झाले आणि लाइन माझ्याकडे आली. पहिला प्रश्न सुट्ट्यांचा. कोकणातल्या मुलींना गौरी-गणपतीला जायचंच असतं, मराठवाड्यातल्या दिवाळीला. तोपर्यंत जी साहेबांना आधी गाठेल तिची सुट्टी पक्की. मी कॅन्टीनमध्ये कोरं कॅलेंडर लावलं. लाइन चालायला कमीत कमी किती जणी लागतात तो आकडा वर लिहिला आणि एकच नियम ठेवला : गणपती घेतला तर दिवाळीला थांबायचं. नावं तुमची तुम्ही लिहा. भांडणं झाली, पण कॅलेंडरसमोर झाली आणि तिथंच मिटली. त्या वर्षी पाडव्याला मी स्वतः लाइनवर थांबले.

तुमच्याकडे कसं झालं? कंपनीच पाहिजे असं नाही. दुकान, गट, वॉर्ड, कारखाना, काहीही. लिहा.

रत्नागिरीकर

गणपतीच्या सुट्टीवरून नियम करणाऱ्या बाईंना साष्टांग नमस्कार 🙏 आमच्याकडे तो नियम केला असता तर मोर्चा निघाला असता.

सविस्तर नंतर लिहितो, बाजारात आहे.

ऊसवाला

साखर कारखान्यात होतो, मिल हाउसला. कोल्हापूर भाग. ज्यांनी गळीत हंगाम बघितलाय त्यांना सांगायला नको, मिल बंद पडली की काय होतं. यार्डात गाड्या तुंबतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. शेतकरी बैलं सोडून तिथंच बसलेला असतो आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

रात्री दोनला मिलचं बेअरिंग गेलं. पाच मिनिटांत शेती खात्याचा फोन, एमडींचा फोन, दोन संचालकांचे फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती वेळ लागेल. आमचे चीफ इंजिनिअर आले आणि पहिलं काय केलं तर फिटरच्या खिशातला मोबाइल काढून स्वतःच्या खिशात घातला. म्हणाले, आता कुणालाही काही विचारायचं असेल तर मला विचारतील, तू बेअरिंग बघ. मग पहाटेपर्यंत बॅटरी धरून उभे. मध्ये मध्ये बाहेर जाऊन शेतकऱ्यांना खरी वेळ सांगून यायचे. "होईल लवकर" असलं कधी बोलले नाहीत. सहाला म्हणाले तर सहाला.

पुढं माझ्याकडं पाळी आली तेव्हा मी तेवढंच उचललं. वरचा ताप खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालची खरी बातमी वर अडवायची नाही. बाकी शिकायला कोर्स असतील, मला हेच पुरलं.

जाता जाता. प्रवरानगरच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. आणि अध्यक्ष कुणाला केलं? धनंजयराव गाडगीळांना, पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाला. 1950 ला पहिला हंगाम. सगळी खटपट आपली आणि खुर्ची ज्याला ते काम जास्त कळतं त्याला. आज असा माणूस दाखवा.

चकलीचा_सोऱ्या

वाह, काय विषय काढलाय. कुकर लावून येते, तीन शिट्ट्या होईपर्यंत वाचते.

रात्रपाळी

2020 ला पालिकेच्या रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. आधीच्या सिस्टर आजारी पडल्या म्हणून चार्ज माझ्याकडे आला. कोविड वॉर्ड. पीपीई किट चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. मुली लहान, काहींची लग्नं ठरलेली. घरून फोन, राजीनामा दे म्हणून.

पहिली ड्युटी मी स्वतःची लावली, रात्रीची. रोस्टर पेनाने लिहून दारावर चिकटवलं, खाडाखोड दिसेल असं. कुणाची ड्युटी कुणाशी आणि का बदलली ते तिथंच लिहायचं. अफवा बंद झाल्या. त्या काळात माणूस कामाला घाबरत नव्हता, आपल्यालाच जास्त अडकवतायत या संशयाने तुटत होता.

आणि एक. किट काढून बाहेर आलेल्या मुलीशी आधी कामाचं काही बोलायचं नाही. आधी पाणी, मग हॅंडओव्हर. मामा लोकांनाही, म्हणजे वॉर्डबॉयना, तेच, सफाईवाल्या ताईंनाही तेच.

दोन जणी तरीही सोडून गेल्या. त्यांना कुणी बोल लावायचा नाही असं मी वॉर्डात सांगितलं होतं. एक नंतर परत आली.

कृष्णाकाठ

@रात्रपाळी ताई, माझे वडील त्या वर्षी अशाच एका वॉर्डातून बरे होऊन आले. तुम्ही नसाल, पण तुमच्यासारखंच कुणीतरी होतं. आभार.

रात्रपाळी

काकांना नमस्कार सांगा 🙏

माणदेशी

बचत गटात काम करते, आधी सदस्य, आता गावातले गट बघते. आमच्याकडे साहेब नाही की मॅडम नाही. दहा-वीस बाया, दर आठवड्याला बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. अध्यक्ष आळीपाळीनं.

एका गटात अशी वेळ आली की अध्यक्ष व्हायची पाळी जिची होती ती अंगठा लावणारी. बाकीच्या म्हणाल्या, हिला वगळू. मी म्हटलं वगळायचं नाही. सचिव लिहील, अध्यक्ष ऐकेल. तिनं सांगितलं, मला वाचता येत नाही तर वही मोठ्यानं वाचा, एकेकीचं नाव घेऊन. तेव्हापासून त्या गटात हिशोब मोठ्यानं वाचतात. पेटी एकीकडं, चावी दुसरीकडं, आणि आकडा सगळ्यांच्या कानात. थकबाकी आपोआप कमी झाली, कारण चारचौघींत नाव वाचलं की बाई पुढच्या बैठकीला पैसे घेऊनच येते. आणि खरंच अडचण असली तर तिथंच सांगते.

बँकेचे साहेब आले तेव्हा ती घडाघडा बोलली. कुणाला किती दिलं, कशाला दिलं, म्हैस व्याली का नाही, सगळं तोंडपाठ. साहेबांना वहीत बघावं लागत होतं.

चकलीचा_सोऱ्या

@माणदेशी ताई, तुमच्या गटाची शेंगदाणा चटणी मिळते का हो पुण्यात?

माणदेशी

मिळते की. व्यनि करा. जवसाची पण आहे.

मावळचा

चुलते अंधेरीला डब्यात होते, मुकादम. लोक डबेवाल्यांच्या वेळेचं कौतुक करतात. 1890 पासून चालू आहे, परदेशातल्या मॅनेजमेंट शाळा अभ्यासाला आल्या, 2003 ला प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन भेटले. पण मुकादम काय करतो ते फारसं कुणी लिहीत नाही.

मुकादम हा पगारी साहेब नाही. त्यालाही सगळ्यांइतकाच वाटा. गटात एखाद-दोन माणसं जादा धरलेली, कुणी आजारी पडला, गावाला गेला तर त्याची लाइन माहीत असलेला दुसरा पाहिजे म्हणून. तरीही कमी पडलं तर मुकादम स्वतः हातगाडी ओढतो. गिऱ्हाईक भांडलं तर मुकादम जातो. पैसे बुडाले तर गटात बसून निर्णय. चुलते साठी जवळ आली तरी क्रेट डोक्यावर घ्यायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही मुकादम ना, कशाला उचलता? म्हणाले, ज्या दिवशी उचलायचं थांबेन त्या दिवशी पोरं मला विचारायचं थांबतील.

आता मी तळेगावला गोदाम सांभाळतो, दिवसाला कितीतरी ट्रक लागतात. महिन्यातून एक दिवस मी लोडिंगला उभा राहतो. कुठला रॅम्प निसरडा झालाय, कुठल्या खोक्याला धरायला जागा नाही, ते ऑफिसात बसून कधीच कळलं नसतं.

गिरगावकर

@मावळचा, तुमचं वाचून आईची आठवण आली. आई लिज्जत पापडची बहीण, तिथं लाटणाऱ्या सगळ्या जणींना बहीणच म्हणतात. पहाटे केंद्रावर जाऊन मळलेलं पीठ आणायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे, मजुरी हातात. 1959 ला गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलेलं हे काम. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी शिरा झाला होता.

आईच्या केंद्राच्या संचालिकाबाई स्वतः लाटून वर आलेल्या. पापड परत पाठवायच्या तेव्हा नुसतं "खराब" नाही म्हणायच्या. उजेडाकडे धरून दाखवायच्या, बघ, कडेला जाड आहे, वाळायला वेळ लागेल. आई कधी चिडून घरी आली नाही त्यांच्याकडून. माझ्या पहिल्या नोकरीत मॅनेजरने रिपोर्ट परत केला, त्यावर फक्त "पुन्हा करा". काय पुन्हा करू? तेव्हा त्या बाईंची किंमत कळली. आज माझ्या टीमला मी कुठलाही कागद परत करताना चूक बोट ठेवून दाखवते, आणि त्याच दिवशी.

एडिसनहून

इकडे सकाळ झाली, कॉल सुरू व्हायच्या आधी पटकन.

माझ्या टीममधले अर्धे पुण्यात, अर्धे इथे. एकच सवय सांगतो. दर शुक्रवारी प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी लिहून ठेवतो, या आठवड्यात याने काय केलं. वर्षअखेरीला अप्रेझलला बसलो की माणसाला फक्त शेवटचा महिना आठवतो. ज्याने एप्रिलमध्ये रात्री जागून रिलीज वाचवलं तो डिसेंबरपर्यंत विसरला जातो. त्या ओळींमुळे वर भांडता येतं. आमच्याकडे रेटिंगची कोटा पद्धत होती, चांगल्या मुलांनाही खाली ढकलायला सांगायचे. कागद पुढे ठेवला की समोरच्याला उत्तर द्यावं लागायचं. दरवेळी जिंकलो नाही, पण त्या मुलांना माहीत होतं कोण बोललं ते.

कॉल आला, पळतो.

नवखा_मॅनेजर

सगळ्यांचं वाचून बरं वाटतंय, पण एक विचारतो. जो मुद्दाम काम करत नाही त्याचं काय करायचं? माझ्याकडे एक जण आहे, वयाने मोठा. त्याच्यामुळे बाकीचे तिघेही ढिले पडलेत. प्रेमाने बोलून झालं.

इंद्रायणीकाठ

@नवखा_मॅनेजर, आधी मुद्दाम आहे का ते बघ. माझ्याकडे एक ताई होत्या, दुसऱ्या पाळीत त्यांच्या क्रिंपिंगचे तुकडे पुल टेस्टला सुटायचे. टर्मिनल वायरवर नीट दाबलं गेलं नाही की ओढल्यावर निघून येतं. सगळे म्हणायचे, लक्ष नाही. मी दोन दिवस शेजारी स्टूल टाकून बसले. दिवसाउजेडी काम चोख, संध्याकाळ झाली की वायर डोळ्याजवळ न्यायच्या. चष्मा लागला होता आणि घरी सांगत नव्हत्या, खर्च होईल म्हणून. मग सगळ्या लाइनचीच नेत्रतपासणी करून घेतली, त्यांचं एकटीचं नाव नको म्हणून.

पण तू म्हणतोस तसेही असतात. एक जण होता, सगळं येत असून करायचा नाही. त्याला एकट्याला बसवलं. "तुझं लक्ष नाही" असं नाही, "मंगळवारी तिसऱ्या तासाला लाइन अमुक वेळ तुझ्यामुळे थांबली" असं तारीखवार. पुढे काय अपेक्षा आहे, कधीपर्यंत, ते लिहून दोघांनी सही केली. एचआरला पहिल्या दिवसापासून माहीत. तो सुधारला नाही, गेला. वाईट वाटलं, त्याच्या घरी दोन लहान मुलं होती. पण त्याचं काम उरलेल्या मुली उचलत होत्या आणि त्यांच्याही घरी मुलं होतीच.

तुझा माणूस वयाने मोठा आहे ना? चारचौघांत अजिबात बोलू नकोस. आणि त्याच्याकडे शिकवायला देण्यासारखं काही आहे का बघ. कधी कधी मोठ्या माणसाला आपण अडगळ झालोय असं वाटत असतं.

ऊसवाला

शंभर टक्के. आणि लेका, त्याला आधी विचार, तू यायच्या आधी ती जागा त्याला मिळणार होती का?

नवखा_मॅनेजर

…हो. मिळणार होती म्हणे.

ऊसवाला

मग चहा त्याच्यापासून सुरू कर. उघड बोल त्यावर.

रत्नागिरीकर

आलो बाजारातून. बाबा कोकण रेल्वेच्या बांधकामावर होते, साइटवर मुकादमी. कॉर्पोरेशन 1990 ला झालं, 1998 च्या 26 जानेवारीला पूर्ण मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. मध्ये 91 बोगदे. कॉर्पोरेशनचे प्रमुख श्रीधरन साहेब, त्यांचं उलटं घड्याळ प्रसिद्ध आहे, किती दिवस उरले ते दाखवणारं. बाबा म्हणायचे, त्याचा धाक नाही वाटायचा, कारण साहेब निर्णय अडकवून ठेवत नसत. इंजिनिअरने साइटवर ठरवलं ते ठरलं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती सारखी खाली यायची, माणसं गेली तिथं. तेव्हा घाई नव्हती कुणी केली.

बाकी गणपतीची तिकिटं काढली का सगळ्यांनी? आता 60 दिवस आधीच सुटतात, 120 नाही. सकाळी आठला तयार बसा.

कृष्णाकाठ

माझं छोटंसं. सांगलीत हार्डवेअरचं दुकान, वडलांनंतर माझ्याकडे आलं. 2019 च्या पुरात दुकान पाण्यात, सिमेंटची पोती दगड झाली. पाणी उतरल्यावर आधी कामगारांचा त्या महिन्याचा पगार केला, बायकोचे दागिने ठेवून. मग चिखल काढायला सुरुवात. वडलांच्या वेळचे काका होते, दुकानातले सगळ्यात जुने. ते म्हणाले, कुठला माल फेकायचा हे मी सांगतो, तुम्ही मध्ये पडू नका, तुम्हाला बघवणार नाही. मी तो अधिकार त्यांना दिला आणि बाहेर रस्त्यावर थांबलो. त्यांनी जे वाचवलं त्यावर दिवाळी निघाली. आज दुकानात दर कसा द्यायचा हे काउंटरवरची मुलं ठरवतात, एका मर्यादेपर्यंत. मला विचारायला फोन करत नाहीत.

नवखा_मॅनेजर

@इंद्रायणीकाठ ताई, त्या वर्तुळाच्या तक्त्याचा फोटो आहे का? आमचं काम ऑफिसचं आहे, पण चालेल असं वाटतंय.

इंद्रायणीकाठ

चालेल. उभ्या रकान्यात कामं, आडव्यात नावं. फक्त भरताना तू एकटा भरू नकोस. ज्याचं त्याने आधी स्वतःचं भरायचं, मग दोघांनी बसून बघायचं. आणि त्या मोठ्या दादांना विचार, यातलं कुठलं काम ते इतरांना शिकवतील. फोटो शोधून रात्री टाकते.