चिप केलीला 'थँक यू' म्हणा, पण 13-10 विसरायला सांगू नका

स्कार्लेट_काका:
काल बकआय_बंडूने पोस्ट टाकली. आपल्या ओहायो स्टेटच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा ऑफेन्स कोच केली 2025 ला NFL च्या रेडर्सकडे चालला, त्याने आपल्याला नॅशनल टायटल दिलं, तेव्हा मिशिगनविरुद्ध 13-10 ने हरलेल्या मॅचचं खापर त्याच्या प्ले-कॉलिंगवर (कोणती चाल खेळायची ते ठरवण्यावर) फोडणाऱ्यांनी आता माफी मागावी, ओ-लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) जखमी होती म्हणून हरलो, विषय संपला. रात्री वाचली आणि झोप उडाली म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

बंडू, 30 नोव्हेंबर 2024 ला मी स्टेडियममध्ये होतो. समोर 6 जिंकून 5 हरलेली मिशिगन, आपण जवळपास 20 पॉइंटने फेव्हरिट. त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) वॉरन, अख्ख्या मॅचमध्ये 62 यार्डांचं पासिंग. त्यांचा सगळ्यात भारी कॉर्नर (पास अडवणारा) विल जॉन्सन जखमी होऊन घरी. त्यांच्याकडे एकच गोष्ट वर्ल्ड क्लास होती, डिफेन्सच्या मधोमध उभे असलेले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, आणि आपण काय केलं तर बरोब्बर त्या दोघांच्या अंगावर रन काढले, म्हणजे बॉल हातात घेऊन धावलो. 26 रन, 77 यार्ड. बाहेर आपले पास पकडणारे जेरेमाया स्मिथ, एग्बुका आणि टेट उभे राहून बघतायत. हाफटाइमला 10-10, त्यानंतर आपले पॉइंट शून्य. माझ्या शेजारचा म्हातारा तिसऱ्या क्वार्टरपासून प्ले सुरू व्हायच्या आधीच मोठ्याने "मिडल" म्हणायचा आणि खरंच मिडल यायचं. त्याला कळत होतं तर मिशिगनला कळत नसेल?

आणि आपल्या लाइनमधला सिमन्स ऑक्टोबरमध्ये जखमी होऊन गेला, सेंटर मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये गेला, हे मलाही माहितीय. लाइन लंगडी आहे हे माहीत असताना त्याच लाइनच्या मागे डोकं आपटायचं, हा बचाव झाला की आरोप?

बकआय_बंडू:
काका, शेजारच्या म्हाताऱ्यावर प्लेबुक चालत नाही हो. पास 33 टाकले, रन 26. पास जास्तच आहेत! उगाच "नुसतं धावले" म्हणायचं.

आकडेमोड:
दोघांसाठी. आपला क्वार्टरबॅक हॉवर्ड, 33 पैकी 19 पास पूर्ण, 175 यार्ड, म्हणजे एका पासमागे 5.3. रन मागे जेमतेम 3. दोन्ही टुकार. वर दोन इंटरसेप्शन (आपला पास त्यांनी पकडला), त्यातलं मिशिगनच्या हॉल नावाच्या प्लेअरचं थेट आपल्या 2 यार्डांपर्यंत आलं आणि त्यांच्या मलिंग्सने टचडाउन ठोकला. म्हणजे मिशिगनचा एकुलता एक टचडाउन आपल्या पासमधून आला. आपला किकर फील्डिंग, त्याने दोन फील्ड गोल चुकवले ते वेगळेच, एक जरी आत गेला असता तर हा धागा निघालाच नसता.

स्कार्लेट_काका:
आकडेमोडराव, 33 पासमधले किती सेकंड अँड नाइन आणि थर्ड अँड लाँगला (दुसऱ्या-तिसऱ्या डाऊनला, म्हणजे प्रयत्नाला, बरेच यार्ड बाकी असताना) आले ते पण सांगा ना. पहिल्या डाऊनला भिंतीत घुसायचं, एक यार्ड मिळवायचा, मग सगळ्या स्टेडियमला माहीत असताना पास टाकायचा आणि नंतर म्हणायचं बघा पासिंग पण चाललं नाही. तीच मंडळी प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध पहिल्याच ड्राइव्हला 37 यार्डांवर जेरेमायाकडे बॉल टाकतात, पहिल्या क्वार्टरला 21-0. ऑरेगनविरुद्ध रोझ बोलमध्ये 34-0. तीन आठवड्यांत हॉवर्डचा हात बदलला का? लाइन तीच होती, प्लॅन बदलला.

माझं स्पष्ट म्हणणं, तो प्लॅन मिशिगनच्या डिफेन्ससाठी नव्हताच, तो नोत्र दामच्या जुन्या कोच लू होल्ट्झसाठी होता. 2023 ला होल्ट्झ म्हणाला की ओहायो स्टेट फिजिकल टीमसमोर हरते, आणि आपला हेड कोच रायन डे याने नोत्र दामला हरवल्या हरवल्या टीव्हीवर त्याचं नाव घेऊन तोंडसुख घेतलं. त्याआधी मिशिगनने 2021 ला आपल्यावर 297 यार्ड धावून काढले होते. तेव्हापासून डेला सिद्ध करायचंय की आम्ही नाजूक नाही. सिद्ध करायच्या नादात घरच्या मैदानावर सलग चौथ्यांदा हरलो मिशिगनला.

टोलेडोवाला:
सलग चौथ्यांदा हरलात, पण चारही घरी नाही काका, दोन आमच्या मिशिगनला येऊन हरलात. नीट लिहा.

बाकी तुमची चर्चा वाचून मजा येते. केली चुकला, डे चुकला, किकर चुकला, लाइन जखमी, वारा होता. मिशिगन चांगली खेळली हे एकालाही टायपायला जमलं नाही? ग्रॅहम आणि ग्रँट दोघं NFL ड्राफ्टच्या पहिल्या राउंडला जातील तेव्हा बघा. मलिंग्सने 32 वेळा बॉल घेऊन 116 यार्ड काढले, तोही "मिडल"च होता. आम्ही केलं की टफनेस, तुम्ही केलं की मूर्खपणा, कारण आमचं चाललं.

तिखट_मिसळ:
टोलेडोत राहून, ओहायोला टॅक्स भरून मिशिगनचा झेंडा मिरवणाऱ्यांनी टफनेसवर बोलू नये 🙏

बकआय_बंडू:
काकांना एकच विचारतो. 2 नोव्हेंबरला पेन स्टेटला काय झालं? 20-13, त्यांना गोल लाइनवर अडवलं, पाचेक मिनिटं उरली होती आणि आपण नुसता रन, रन, रन करत घड्याळ संपवलं. बॉल परत दिलाच नाही. सिमन्स तेव्हाही नव्हता. तेव्हा हेच काका "वाह केली" म्हणत होते. मी साक्षीदार आहे.

स्कार्लेट_काका:
पेन स्टेटचं नाव काढलंस ना, आता ऐक. ती मॅच मी पाहिलीच कुठे? आमच्या मंडळाने दिवाळीचा कार्यक्रम नेमका त्याच शनिवारी ठेवला. दुपारी बाराची मॅच, पेन स्टेट, आणि हे दीड वाजता दीपप्रज्वलन करतायत. माझ्याकडे साउंडचं काम. मिक्सरच्या मागे चिवड्याच्या डब्याला फोन टेकवून आवाज बंद करून बघत होतो. पेन स्टेट 3 यार्डांवर, फर्स्ट अँड गोल, आणि स्टेजवर नाट्यगीत. एक रन अडवला, दोन, तीन, चौथ्या डाऊनला पास पडला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मिक्सरशेजारच्या चालू माइकने हॉलभर ऐकवलं. गाणाऱ्या बाईंना वाटलं दाद आली, त्यांनी ती ओळ परत घेतली. बायको अजून काढते तो विषय.

तिखट_मिसळ:
आमच्याकडेही हेच. कमिटीतल्या कोणाला शेड्यूल नावाची चीज असते हे माहीतच नाही. वर्षभर आधी लागतं ते!

मंडळातली_ताई:
मी त्याच कमिटीत होते, म्हणून बोलते. शेड्यूल माहिती असतं. हॉल कोण देतं ते तुम्हाला माहिती नसतं. शाळेचं ऑडिटोरियम दिवाळीच्या आसपास शनिवारी मिळायला आम्ही मार्चपासून फोन करतो. रविवारी ठेवला तर "उद्या ऑफिस", शुक्रवारी ठेवला तर "ट्रॅफिक", शनिवारी ठेवला तर "मॅच". त्या दिवशी 200 ताटं लावायला पुरुष किती आले माहितीये? चार. बाकीचे पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओवर ऐकत होते. काकांनी निदान साउंड तरी केला, त्याबद्दल आभार, शिवी सोडून.

स्कार्लेट_काका:
शिवी नव्हती ती, उद्गार होता.

मंडळातली_ताई:
काका, लहान मुलं होती पहिल्या रांगेत.

तिखट_मिसळ:
ताई, चार पुरुष आले हा आकडा कुठून आणलात? मी स्वतः खुर्च्या लावल्या. दरवर्षी हेच, काम करणाऱ्यालाच ऐकून घ्यावं लागतं. यंदा वर्गणी भरू का नको विचार करावा लागेल.

मंडळातली_ताई:
मागच्या वर्षीची भरली होतीत का? मी खजिनदार होते, म्हणून विचारतेय.

ऑस्टिनकर:
भांडण झालं असेल तर मूळ विषयावर येऊ का? मी लाँगहॉर्नवाला, म्हणजे टेक्सासचा. तुमचा केली निदान डिसेंबरात सुधारला. आमच्या कोच सार्कने तुमच्याविरुद्ध कॉटन बोलला काय केलं बघितलंत ना? 21-14 ने मागे, बॉल 1 यार्डावर, पहिला रन अडकला म्हणून पुढच्याला बाहेर टॉस. सात यार्ड मागे! 1 वरून 8 वर! आणि चौथ्या डाऊनला तुमच्या सॉयरने आमच्या क्वार्टरबॅक युअर्सच्या हातातला बॉल पाडला, उचलला आणि 83 यार्ड पळाला. एक यार्डासाठी सरळ घुसा म्हणून मी टीव्हीला सांगत होतो. इथे काका सरळ घुसल्याबद्दल शिव्या देतायत, माझा माणूस सरळ घुसला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

बकआय_बंडू:
हेच! चाललं की जिनियस, नाही चाललं की हट्टी. नोत्र दामविरुद्ध फायनलला 31-23 झालं, थर्ड अँड 11, सगळे म्हणत असतील रन करून घड्याळ चालवा, केलीने जेरेमायाकडे लांब टाकला, 56 यार्ड. तो पडला असता तर आज काका त्यावरच धागा काढून बसले असते.

स्कार्लेट_काका:
नसता काढला. जेरेमायाकडे टाकून हरलो असतो तर गप घरी गेलो असतो. आपला बेस्ट प्लेअर, सिंगल कव्हरेज, तिथे टाका आणि हरा, माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच की 30 नोव्हेंबरला त्याला आधार म्हणून वापरलंच नाही. आणि बंडू, थर्ड अँड 11 चा कॉल धाडसी होता, हे मान्य. लिहून दिलं, फ्रेम करून लाव.

आकडेमोड:
पुढे जो फील्ड गोल मारून 34-23 झालं तो फील्डिंगनेच मारला. नोंद असावी.

टोलेडोवाला:
आणि तरीही 2024 पर्यंत मिशिगनविरुद्ध डे 1-4 (एक जिंकला, चार हरला). नोंद असावी.

मंडळातली_ताई:
मी आत्ताच ओहायो स्टेटचं शेड्यूल काढून बघितलं. 2025 ला लक्ष्मीपूजन 20-21 ऑक्टोबरला आहे आणि 25 ऑक्टोबरच्या शनिवारी तुमचा बाय (मॅच नसलेला आठवडा) आहे. मी हॉलसाठी उद्याच फोन करते. 25 ला ताटं लावायला कोण येणार, इथेच नावं द्या.

टोलेडोवाला:
ताई, 25 ला आमची मिशिगन स्टेटशी मॅच आहे.

तिखट_मिसळ:
तुम्हाला बोलावलंय कोणी?

टोलेडोवाला:
माझी बायको गाणार आहे दरवर्षीप्रमाणे. मागच्या वेळी ओळ परत घेतली ती तीच.