मदत हवी आहे : शेजारच्या प्रसादाचं काय करावं?

सर्वांना नमस्कार. आम्ही नाशिकला शरणपूर रोडला राहतो, घर ख्रिस्ती. शेजारच्या काकूंकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो. पूजा झाली की त्या स्वतः द्रोण घेऊन दारात येतात. साजूक तुपातला शिरा, केळ्याचे काप, वर तुळशीचं पान. माझ्या आजारपणात महिनाभर याच काकूंनी डबा दिला, त्यामुळे 'नको' म्हणताना जीभ अडखळते.

आमच्या चर्चच्या पाळकांना विचारलं, ते म्हणाले घेऊ नका. आई मात्र आयुष्यभर घेत आली, प्रभूचे आभार मानून. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा वाचलं. आठव्या अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही. पण आपल्या मोकळेपणामुळे विश्वासात दुबळ्या असलेल्या भावाला ठेच लागू नये. दहाव्यात तो सांगतो, जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्याखातर खाऊ नका. काकू तर 'प्रसाद आहे' म्हणूनच देतात!

घेऊन नंतर दुसऱ्याला देणं मला खोटेपणा वाटतो, तो उपाय नको. कुठला धर्म बरोबर हा वादही नको. सात वर्षांची मुलगी सगळं बघत असते.

ख्रिस्ती मंडळींनो, तुमच्या घरी काय करता आणि मुलांना काय सांगता? आणि पूजा करणाऱ्यांनो, शेजारणीने प्रसाद नाकारून 'काकू, चहाला मात्र येते' म्हटलं, तर मनाला लागेल का? कोणत्या शब्दांत सांगितलं तर लागणार नाही?