लव्हिंग खटला, हॉलिवूड आणि १९६७: आधी कोण बदललं?

रानजाई (धागा):
जुलै १९५८. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या सेंट्रल पॉइंट गावी शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, मध्यरात्रीनंतर एका घरात शिरला आणि झोपलेल्या नवराबायकोला उठवून अटक केली. रिचर्ड लव्हिंग गोरा, पेशाने गवंडी. मिल्ड्रेड कृष्णवर्णीय, तिच्या घराण्यात मूलनिवासी रक्तही होतं. वॉशिंग्टनला रीतसर लग्न केलेलं, दाखला भिंतीवर टांगलेला. शेरीफ म्हणाला, इथे तो चालत नाही. कारण व्हर्जिनियात गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता. वर्षभराची कैद टाळायची तर दोघांनी २५ वर्षं जोडीने राज्यात पाऊल टाकायचं नाही, अशी शिक्षा झाली. १२ जून १९६७ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा मोडीत काढला. तेव्हा असे कायदे १६ राज्यांत होते.

माझं म्हणणं, हे कोर्टाने केलं. हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीत १९५६पर्यंत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायलाच बंदी होती. मग १९६७च्या डिसेंबरात ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ आला. गोरी मुलगी काळ्या नियोजित नवऱ्याला आईबापांकडे जेवायला घेऊन येते, अशी गोष्ट. तो नवरा म्हणजे सिडनी पॉटिए, नावाजलेला डॉक्टर, आणि चुंबन दिसतं ते टॅक्सीच्या आरशात. गवंड्याला त्या घरात जेवायला बसवलं असतं का?

उंबरठा:
रानजाई, तुमचा क्रम चुकतोय. तो सिनेमा निकालाआधीच चित्रित झाला होता. मुलीच्या बापाचं काम करणारा स्पेन्सर ट्रेसी चित्रीकरण उरकून १० जूनला वारला, निकाल लागायच्या दोन दिवस आधी. सिनेमात मुलाचा बाप त्याला बजावतो की १६-१७ राज्यांत तुमचं लग्न गुन्हा ठरेल. म्हणजे कायदा जिवंत असताना त्यावर बोट ठेवलंय. आणि डॉक्टर निर्दोष दाखवला ते बरंच झालं. मुलात खोट काढता येत नाही म्हटल्यावर मुलीच्या बापाकडे एकच आक्षेप उरतो, रंगाचा. तो तोंडाने कबूल करायला लावणं सोपं नव्हतं.

रानजाई:
तारखांचं मान्य. पण परिणाम बघा. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला मान्यता देणारे गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत १९५८ला ४ टक्के होते, १९६८ला २० टक्के. सिनेमा तुफान चालून, निकाल लागून, एवढेच! अलाबामाने राज्यघटनेतली बंदी २००० साली काढली, तेव्हाही सुमारे ४० टक्के मतं ती ठेवा म्हणणाऱ्यांची. लोक बदलायची वाट पाहिली असती तर लव्हिंग दांपत्य म्हातारं झालं असतं.

शेवंती:
दोघंही १९५८पासून मोजताय, म्हणून गाडा अडतोय. व्हर्जिनियाने १६६२लाच ठरवलं होतं की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या मळ्यावर सॅली हेमिंग्ज ही गुलाम बाई, त्याच्या मृत बायकोची सावत्र बहीण. तिच्या मुलांचा बाप तोच, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. त्या संबंधांवर कोणी शेरीफ धाडला नाही. कायद्याला संबंध खुपत नव्हते हो, बायकोचा मान खुपत होता, वारसा खुपत होता. मालकाला मोकळीक आणि गवंड्याला बेडी! सिनेमा की कोर्ट या वादात सॅलीला जागाच नाही, याचा मला राग येतो.

पाणंद:
शेवंतीताईंना जोडून. कॅलिफोर्नियात इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण लग्नाच्या परवान्याच्या खिडकीवरचा कारकून दोघांचाही रंग एकच, सावळा, धरायचा. पण १९४८ला त्याच राज्यातल्या गाजलेल्या खटल्यात मेक्सिकन वंशाची आंद्रेया पेरेझ ‘गोरी’ ठरली, म्हणून काळ्या नवऱ्याशी तिचं लग्न अडलं. तिथल्या कोर्टाने ती बंदी उडवली. लव्हिंगच्या १९ वर्षं आधी.

उंबरठा:
शेवंतीताई, मान्य, अगदी मान्य. रानजाई, एक सांगते. १९६६ला ‘लाइफ’ साप्ताहिकाने लव्हिंग दांपत्याचे फोटो छापले. एकात रिचर्ड मिल्ड्रेडच्या मांडीवर डोकं ठेवून पडलाय, दोघं हसतायत. तेव्हा खटला सुरूच होता.

रानजाई:
तो फोटो मी पाहिलाय. त्याच्यापुढे ‘कोर्टानेच केलं’ हा हट्ट मी सोडते. सिनेमाबद्दल मात्र नाही. रिचर्डने वकिलाकरवी कोर्टाला एवढंच कळवलं होतं की माझं बायकोवर प्रेम आहे आणि तिच्यासोबत मला व्हर्जिनियात राहता येत नाही हा अन्याय आहे. असा माणूस त्या सिनेमात कुठे आहे, सांगा.